वंशभेदाविरुद्ध शेजाऱ्याची साथ: पुण्या-मुंबईतल्या मराठी माणसासाठी मार्गदर्शक

पुण्यात, मुंबईत किंवा पणजीत राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांना आता मणिपूर, नागालँड, मिझोराम, मेघालय किंवा अरुणाचल प्रदेशातून आलेला एखादा शेजारी, सहकारी किंवा भाडेकरू असतो. पुण्यात नायजेरिया, सुदान, टांझानिया, काँगो अशा देशांतून शिकायला आलेली मुलेही पूर्वीपासून आहेत. चेहऱ्यावरून किंवा कातडीच्या रंगावरून या माणसांना रस्त्यात, रिक्षात आणि जिन्यात काय ऐकावे लागते, हे आपल्याला दिसत असते. ते पटतही नसते. पण नेमके काय करावे हे कळत नसल्यामुळे चांगली माणसेसुद्धा मान खाली घालून पुढे जातात. सोसायटीच्या समितीवर काम करताना, घर भाड्याने देताना आणि भाडेकरूंबरोबर पोलीस चौकीच्या बाकावर बसून राहताना जे समजले, ते येथे क्रमाने मांडले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्हाला मराठी येते, तुमचा इथे कायमचा पत्ता आहे आणि चौकीतला हवालदार असो की सोसायटीचा सेक्रेटरी, तो तुम्हाला आपल्यातले समजतो. ही तिन्ही साधने तुम्ही कष्टाने मिळवलेली नाहीत, ती तुमच्याकडे आपोआप आली आहेत. ज्याच्याकडे ती नाहीत त्याच्या कामी ती आणणे, एवढेच या लेखाचे सूत्र आहे. ती कशासाठी वापरायची हे मात्र ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याने ठरवायचे असते.

१. आधी काय घडत आले आहे ते जाणून घ्या

हे सगळे दिल्लीकडे चालते, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. २९ जानेवारी २०१४ रोजी अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी निदो तानिया दिल्लीतील लाजपतनगरमध्ये पत्ता विचारायला एका दुकानात गेला असता त्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. समितीने जुलै २०१४ मध्ये अहवाल दिला आणि वांशिक अपमानासाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र कलमे घालावीत, तसेच ईशान्येचा इतिहास व संस्कृती देशभरच्या अभ्यासक्रमात यावी, अशा शिफारशी केल्या. ती कलमे अजून आलेली नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही वांशिक शिवीगाळीसाठी वेगळे कलम नाही, याचा प्रत्यक्ष परिणाम सहाव्या पायरीत दिसेल.

आपले अंगण स्वच्छ आहे असे मात्र समजू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातील कोक्राझारच्या हिंसाचारानंतर अफवा पसरल्या आणि बंगळुरूहून ईशान्येकडील हजारो माणसे खास गाड्यांनी गुवाहाटीकडे निघून गेली. त्याच दिवसांत पुण्यातही ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली आणि अनेकांनी पुणे स्टेशन गाठले. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाल्यावर त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, तेव्हा राज्यातल्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना जाहीरपणे कर्करोगाची उपमा दिली. २०२० मध्ये करोनाची साथ येताच मंगोल चेहऱ्याच्या माणसांना रस्त्यात 'करोना' म्हणून हाका मारणे, त्यांच्यावर थुंकणे, त्यांना घर सोडायला सांगणे असे प्रकार मुंबईसह अनेक शहरांत घडले. त्यावर केंद्रीय गृहमंत्रालयाला मार्च २०२० मध्ये राज्यांना सूचना पाठवाव्या लागल्या.

आफ्रिकी माणसांच्या बाबतीत संशयाचा सूर निराळा असतो. त्यांच्याकडे पाहताना डोळ्यांसमोर आधी अमली पदार्थ येतात आणि विद्यार्थी नंतर. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अशाच संशयावरून जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले केले होते. खरे तर आफ्रिकेशी असलेले नाते महाराष्ट्राला नवीन नाही. मूळ इथिओपियाच्या मलिक अंबरने निजामशाहीची धुरा वाहिली, खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे नगर वसवले आणि त्याची जमीन महसुलाची पद्धत आपण शाळेत शिकलो. जंजिऱ्याचे सिद्दीही आपल्याच इतिहासातले आहेत. परीक्षेत पाच गुणांसाठी पाठ केलेला हा इतिहास घर भाड्याने देण्याची वेळ आली की कुणाला आठवत नाही.

२. ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका

कुणी तुम्हाला घडलेला प्रसंग सांगत असेल तर 'त्याचा तसा हेतू नसेल', 'आम्हालाही गावाकडचे म्हणून हसतात', 'तू त्याला काही बोलली होतीस का' ही तिन्ही वाक्ये गिळून टाका. ती समजुतीच्या सुरात म्हटली तरी सांगणाऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. त्याऐवजी 'यात माझ्याकडून काय व्हावे असे तुला वाटते?' एवढेच विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'काही नाही, फक्त सांगायचे होते' असे येते आणि ते मान्य करावे लागते.

ईशान्य भारत हा एक प्रदेश किंवा एक समाज नाही, हेही ध्यानात ठेवा. आठ राज्ये, शेकडो भाषा आणि आपापसातले जुने-नवे संघर्ष तिथे आहेत. मे २०२३ पासूनच्या मणिपूरमधील हिंसेनंतर मैतेई आणि कुकी मुलांना एकाच सभेत 'तुम्ही ईशान्येकडचे' म्हणून शेजारी बसवणे अज्ञानाचे ठरेल. माहिती हवी असेल तर ती वाचून मिळवा. शेजारच्या मुलीने ऑफिसातून दमून आल्यावर तुम्हाला नागालँडचा भूगोल शिकवावा, अशी अपेक्षा धरू नका.

३. घरातल्या आणि गटातल्या बोलण्यापासून सुरुवात करा

'चिंकी', 'नेपाळी', 'मोमो', 'काळ्या', 'निग्रो' हे शब्द रस्त्यावरच्या टवाळांच्या तोंडी येण्याआधी आपल्या जेवणाच्या टेबलावर आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात येऊन गेलेले असतात. तिथे थांबवायचे असेल तर भाषण देऊ नका, कारण काका किंवा मामा सगळ्यांसमोर माघार घेत नाहीत. गटात एक ओळ पुरते: 'काका, आमच्या शेजारी मिझोरामची मुले राहतात, हा विनोद मला पटला नाही.' बाकीचे बोलणे फोनवर किंवा समोरासमोर करा. थोरांशी आदराने बोलूनही ठाम राहता येते. आवाज चढला की विषय वंशभेदाचा न राहता 'हल्लीच्या मुलांना बोलण्याची रीत नाही' असा होऊन बसतो.

'तू नक्की भारतीय ना?' हा प्रश्न कुतूहलाने विचारला तरी तो बोचतो, कारण तो तिला आठवड्यात चार जणांनी विचारलेला असतो. मुलांना हे समजावताना मी सांगशाकची गोष्ट सांगतो. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या उखरूलजवळच्या या गावी जपानी सैन्याची आगेकूच रोखून धरणाऱ्यांत मराठा पलटणीची एक तुकडी होती. त्या डोंगरात मराठी जवान पडले आहेत, हे ऐकल्यावर नकाशावरचा तो कोपरा मुलांना एकदम जवळचा वाटू लागतो.

गोरेपणाचे वेड हा याच विषयाचा भाग आहे. 'गोरी, सडपातळ वधू पाहिजे' अशी जाहिरात देणाऱ्या घरात मुलांना रंगभेद चुकीचा आहे हे शिकवणे अवघड जाते. स्थळ पाहताना रंगाचा उल्लेख बायोडेटातून काढून टाकणे, ही आपल्या हातातली आणि फुकटची सुधारणा आहे.

४. घर मिळवून देताना

सर्वांत जास्त उपयोग जिथे होतो ती ही पायरी आहे, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये वंशाच्या आधारे भेदभावाला मनाई आहे आणि दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येथील प्रवेशाबाबत ती खासगी व्यक्तींनाही लागू होते. अनुच्छेद १९ नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क देतो. मात्र खासगी घरमालकाने 'अमुक राज्याच्या लोकांना देणार नाही' असे ठरवले तर त्याला सरळ जाब विचारणारा कायदा आपल्याकडे नाही. नकारही कधी उघड नसतो. एजंट 'फक्त फॅमिली', 'व्हेज ओन्ली' असे सांगतो किंवा फोनवर रिकामी असलेली खोली चेहरा पाहिल्यावर 'आताच गेली' असे होते. कायदा हात टेकतो तिथे ओळख उपयोगी पडते, आणि ओळख तुमच्याकडे आहे.

घर बघायला तुम्ही बरोबर जा. शक्य असेल तर मालकाला आधी स्वतः फोन करून 'मुले माझ्या ओळखीची आहेत, कागदपत्रे पूर्ण आहेत' असे सांगा. चेहरा पाहून होणारा नकार आधीच होऊन जाऊ द्यावा, म्हणजे त्या मुलांची दुपार आणि मान दोन्ही वाचतात. मालक तयार झाल्यावर पुढील गोष्टी कागदावर आहेत ना, हे पाहा.

लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. 'तुम्ही बाहेरचे आहात, करार नको, रोखीने द्या' हा प्रस्ताव नवख्यांना सोयीचा वाटतो. पण मध्यरात्री घर रिकामे करायला सांगितले तर अशा भाडेकरूच्या हातात काहीच नसते. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते आणि ती सर्व भाडेकरूंची द्यायची असते. फक्त ईशान्येकडच्या मुलांना चौकीत प्रत्यक्ष हजर राहायला सांगणारा सेक्रेटरी नियम पाळत नसतो, नियमाच्या आडून वेगळे काही करत असतो. परदेशी भाडेकरू असेल तर मात्र 'सी फॉर्म' म्हणून ओळखली जाणारी माहिती मालकाने २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची असते. ती राहून गेली तर त्रास मालकाला आणि विद्यार्थ्याला दोघांनाही होतो, म्हणून ती भरायला मदत करणे ही खरी साथ आहे.

सोसायटीला भाड्याने दिलेल्या सदनिकेसाठी सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, घेता येतो. 'बाहेरच्या' भाडेकरूंसाठी वेगळा दर, वेगळी अनामत किंवा लिफ्ट वापरण्याच्या वेगळ्या वेळा असा ठराव समितीत येत असेल तर त्याला बैठकीतच विरोध करा आणि तो विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगा. नोंद मागितली की निम्मे ठराव आपोआप मागे पडतात.

मग प्रश्न येतो वासाचा. नागांचे अखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन, मणिपूरची ङारी म्हणजे आंबवलेली मासळी, शिवाय बांबूचे आंबवलेले कोंब. यांचा वास उग्र असतो हे खरे आहे. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या एका पुस्तिकेत अशा पदार्थांबाबत आणि मुलींच्या कपड्यांबाबतही 'सल्ला' दिला होता, त्यावर योग्य ती टीका झाली. पण आपण कोणत्या तोंडाने नाक मुरडतो? सुके बोंबील भाजले म्हणून, जवळा परतला म्हणून मुंबईच्या सोसायट्यांत मराठी माणसाला नोटिसा आल्या आहेत, मासे खाता म्हणून घर नाकारले गेले आहे आणि त्यावर आपण मोर्चे काढले आहेत. तेव्हा जो युक्तिवाद आपण केला, तोच शब्दशः इथे लागू पडतो. व्यवहाराच्या पातळीवर, असे पदार्थ बनवताना पंखा लावणे आणि खिडकी उघडणे एवढ्यावर शेजाऱ्यांत समजूत होऊ शकते. ती नियम म्हणून लादू नका, शेजारधर्म म्हणून बोलून ठरवा. आणि बोंबील तळताना तुम्हीही खिडकी उघडा.

५. डोळ्यांसमोर प्रकार घडत असेल तेव्हा

बसमध्ये, बाजारात किंवा रिक्षाच्या रांगेत कुणाला त्रास दिला जात असेल तर पहिले लक्ष त्रास सोसणाऱ्याकडे द्या, देणाऱ्याकडे नंतर. ओळखीचे असल्यासारखे जवळ जाऊन 'चला, किती वेळ वाट पाहतोय' म्हणत तिला तिथून बाजूला घेणे हा सर्वांत सुरक्षित आणि परिणामकारक उपाय आहे. त्रास देणाऱ्याला तमाशा हवा असतो, आणि तो त्याला मिळत नाही.

बोलायचेच असेल तर मराठीत, खालच्या आवाजात आणि कमी शब्दांत बोला: 'दादा, बस झाले, जाऊ द्या त्यांना.' इथे तुमची भाषा तुमच्या आवाजापेक्षा जास्त काम करते. कंडक्टर, दुकानदार, सुरक्षारक्षक यांपैकी कुणाला तरी नेमकेपणाने हाक मारा, कारण 'कुणीतरी काहीतरी करा' असे गर्दीला म्हटले की कुणीच हलत नाही. जमाव असेल, कुणी दारू प्यायलेला असेल किंवा हातात काही असेल तर मध्ये पडू नका. अंतरावरून ११२ क्रमांकावर फोन करून ठिकाण अचूक सांगा.

व्हिडिओ काढण्याबाबत सावध राहा. चित्रीकरण पुरावा म्हणून मोलाचे आहे, पण ते ज्याच्यावर प्रसंग आला त्याच्या हवाली करायचे असते. त्याला न विचारता ते समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे त्याच्या अपमानाचे जाहीर प्रदर्शन मांडणे होय. गावी त्याच्या आईला ते आधी त्या व्हिडिओतून कळावे, असे कुणालाच वाटणार नाही. मूळ फाइल फोनमधून काढू नका, कापू नका आणि फक्त व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीवर विसंबू नका, कारण पुढे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि तिथे मूळ उपकरणाचा प्रश्न येतो.

प्रसंग संपल्यावर लगेच निघून जाऊ नका. स्वतःचे नाव आणि फोन नंबर द्या, 'साक्षीला लागलो तर येईन' असे सांगा. हे सांगणारा माणूस क्वचितच भेटतो.

६. पोलिसांत तक्रार करायची ठरली तर

तक्रार करायची की नाही हे पीडित व्यक्तीनेच ठरवायचे आहे, हे पुन्हा सांगतो. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाची धास्ती असते, पार्लरमध्ये किंवा हॉटेलात काम करणाऱ्या मुलीला सुट्टी बुडण्याची आणि मालकाची. तुमच्या संतापाखातर त्यांना चौकीत ओढून नेऊ नका. जायचे ठरले तर जवळ पुढील गोष्टी असू द्या:

– ओळखपत्र, परदेशी नागरिक असल्यास पासपोर्ट, व्हिसा आणि नोंदणीच्या कागदांच्या प्रती
– राहण्याचा पुरावा, म्हणजे नोंदणीकृत करार किंवा वसतिगृहाचे पत्र
– घटनेची तारीख, वेळ, ठिकाण आणि वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहिलेला कागद
– साक्षीदारांची नावे व फोन नंबर
– छायाचित्रे, व्हिडिओ, संदेशांचे स्क्रीनशॉट, आणि ते ज्या फोनमध्ये आहेत तो फोन
– मार लागला असल्यास रुग्णालयातील मेडिको-लीगल (पोलीस प्रकरणासाठी डॉक्टरांनी केलेल्या) नोंदीची प्रत
– अनुसूचित जमातीचा दाखला, असल्यास

यातला तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा आहे. शिवी संकोचामुळे 'अपशब्द वापरले' अशी लिहिली गेली की तिच्यातला वंशाचा संदर्भ गळून पडतो आणि प्रकरण साध्या भांडणाचे होते. जबाब मराठीत लिहिला जातो आणि तक्रारदाराला तो वाचता येत नाही. त्यामुळे तुमचे खरे काम म्हणजे लिहिलेला प्रत्येक शब्द त्याला समजेल त्या भाषेत सांगणे आणि त्याने होकार दिल्यावरच सही करू देणे. त्याच्या वतीने तुम्ही गोष्ट सांगू नका, दुभाषा एवढीच भूमिका ठेवा.

दुसरा सापळा 'एन.सी.'चा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा आहे. साधी मारहाण, अपमान आणि धमकी हे गुन्हे सहसा अदखलपात्र असल्याने चौकीत एन.सी. नोंदवून पावती हातात दिली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास पुढे सरकत नाही. पण रस्ता अडवला असेल तर कलम १२६, महिलेच्या लज्जेला धक्का लागेल असे शब्द किंवा हावभाव असतील तर कलम ७९ ही न्याय संहितेची कलमे दखलपात्र आहेत, म्हणून घडलेली प्रत्येक कृती जबाबात यायला हवी. वंश, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून गंभीर दुखापत केली किंवा खून केला, तर कलम ११७(४) आणि कलम १०३(२) लागू होते. गटागटांत वैर पसरवण्याविषयीच्या कलम १९६ मध्ये वंशाचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र एकट्यादुकट्याला दिलेल्या शिवीला ते सहसा पुरत नाही, त्यामुळे तेच लावा म्हणून चौकीत हट्ट धरण्यात वेळ दवडू नका.

तक्रारदार अनुसूचित जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचा, म्हणजे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विचार करावा लागतो. नागा, मिझो, खासी, गारो अशा अनेक समाजांना हा दर्जा आहे, तर मैतेई समाजाला तो नाही. 'तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही' असे उत्तर चौकीत मिळू शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की या कायद्याचे संरक्षण मूळ राज्यापुरते मर्यादित नाही, व्यक्ती देशात कुठेही असली तरी ते मिळते. हा निर्णय नम्रपणे दाखवावा. मात्र अपमान लोकांदेखत झालेला असावा आणि तो ती व्यक्ती अनुसूचित जमातीची असल्यामुळे झालेला असावा, हे न्यायालये पाहतात. प्रत्येक वांशिक शिवीला हा कायदा आपोआप लागतो, असे आश्वासन कुणाला देऊ नका.

घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी गुन्हा कोणत्याही ठाण्यात 'शून्य' क्रमांकाने नोंदवता येतो. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद नाकारली तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे पाठवा. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० वर फोन करावा. दिल्लीत ईशान्येच्या नागरिकांसाठी वेगळा पोलीस कक्ष आणि १०९३ ही मदतवाहिनी आहे. पुण्यातल्या मुलांना कुणीतरी तोच क्रमांक पुढे पाठवतो, पण तो दिल्लीपुरता आहे.

७. महाविद्यालयात आणि कामाच्या जागी

महाविद्यालयांच्या बाबतीत नियम त्यामानाने बळकट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये भर घालण्यात आली. रंग, वंश, राष्ट्रीयत्व, प्रदेश, भाषा किंवा दिसण्यावरून दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलेला शारीरिक अथवा मानसिक त्रास, त्याला वाळीत टाकणेसुद्धा, आता रॅगिंग ठरतो, आणि त्रास सोसणारा पहिल्या वर्षाचाच असायला हवा असे नाही. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते. प्राध्यापकांनी हजेरी घेताना नाव नीट उच्चारायला शिकावे आणि 'तुझे नाव अवघड आहे, तुला आम्ही रिंकू म्हणू' असे बारसे करू नये. ही फार लहान अपेक्षा आहे.

वसतिगृहाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कावीळ झालेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याला त्याची मैत्रीण खिडकीतून जेवण देत असल्याचे फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर प्रा. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिले. परदेशी मुलांच्या एकटेपणाचा विचार त्यांच्या मनात तिथून सुरू झाला, आणि त्यातूनच १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. तेवढे मोठे काही सर्वांना जमणार नाही; आजारी मुलाला डबा नेऊन देणे जमू शकते.

खासगी नोकरीत वांशिक छळाविरुद्ध वेगळा कायदा नाही, त्यामुळे आस्थापनेचे स्वतःचे धोरण काय आहे ते आधी वाचावे लागते. शेरेबाजी लैंगिक स्वरूपाची असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे जाता येते. पार्लर किंवा लहान हॉटेलात दहापेक्षा कमी माणसे असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. बैठकीत कुणी नक्कल करून हसले तर तुम्ही हसू नका आणि बैठक संपल्यावर त्या व्यक्तीला बाजूला घेऊन बोला. तुम्ही स्वतः वरिष्ठ असाल, तर मात्र तिथेच, सर्वांसमोर बोलणे तुमचे काम आहे.

८. अफवांच्या दिवसांत

२०१२ चा अनुभव असा की प्रत्यक्ष हल्ल्यांपेक्षा संदेशांनी जास्त माणसे पळवली. त्या वेळी सरकारने काही दिवसांसाठी एकावेळी पाचपेक्षा जास्त लोकांना एसएमएस पाठवण्यावर बंदी आणली होती. आज व्हॉट्सॲपचे गट आहेत. दूरच्या राज्यात काही घडले आणि शहरात कुजबूज सुरू झाली की ओळखीच्या मुलांना स्वतःहून फोन करा, रात्री एकट्याने जायचे असेल तर सोबत द्या. स्थानिक पोलीस ठाण्याचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये आहे ना हे पाहा आणि न पडताळलेला संदेश 'काळजी घ्या' म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका. घरमालक असाल तर 'काही दिवस गावी जाऊन या' हा सल्ला देऊ नका. तो ऐकणाऱ्याच्या कानाला 'घर रिकामे करा' असाच लागतो.

९. तक्रारीनंतरचे महिने

पहिल्या आठवड्यात सगळे विचारपूस करतात, मग प्रकरण थंडावते. तपास अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर टिपून ठेवा, दोषारोपपत्र दाखल झाले का याची अधूनमधून चौकशी करा. तक्रारदाराचे शिक्षण किंवा नोकरी संपून तो परत गेला तर त्याचा नवा पत्ता आणि फोन लेखी कळवायला सांगा, नाहीतर समन्स जुन्या खोलीवर जाऊन परत येतो आणि खटला साक्षीदार न मिळाल्याने कोलमडतो. तुम्ही साक्षीदार असाल तर स्वतःच्या बाबतीतही हेच करा. समोरच्या पक्षाकडून 'मुलाचे भविष्य आहे, मिटवून टाका' असा निरोप तुमच्यामार्फत येईल, कारण तुम्ही त्यांच्या भाषेतले आहात. तो निरोप पोहोचवायचा की नाही, हे तक्रारदाराला आधी विचारून ठेवा. आणि पोहोचवलाच, तर त्याला स्वतःची शिफारस जोडू नका.